बिनधुराचा घाणा

दुकानात आणि मागच्या कारखान्यात त्या दोघा भावांना सगळे थोरले आणि धाकटे म्हणत. धाकट्यांना नातवंडं झाली, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी ते धाकटेच राहिले. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. घरात लहान असण्याचे फायदेही असतात.

कारखाना तरी केवढा? पुढे पाईप आणि तंबाखूचं दुकान, मागे मिसळायची खोली आणि वर दोन्ही भावांची बिऱ्हाडं. मिसळायच्या खोलीत मधोमध लांबरुंद लाकडी टेबल, भिंतींना फळ्या, फळ्यांवर घट्ट झाकणांचे डबे आणि कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर वाफेचं पातेलं. तिथे बरीच मिश्रणं होत, पण नाव होतं ते एकाच मिश्रणाचं, वडिलांनी बसवलेल्या स्कॉटिश पद्धतीच्या मिश्रणाचं. त्यात चार पानं पडत. व्हर्जिनियाचं तांबूस पान गोडव्यासाठी. ओरिएंटलचं बारीक पान जराशा आंबूस, मसालेदार वासासाठी. मग लॅटाकिया, म्हणजे लाकडाच्या धुरावर महिनोन् महिने धुरी दिलेलं काळं पान. आणि या लॅटाकियाला ताळ्यावर ठेवण्यासाठी कॅव्हेंडिश. तेही काळंच, पण वाफवून दाबलेलं आणि स्वभावानं अगदी गरीब. दुसऱ्या पद्धतीच्या मिश्रणांत लॅटाकिया नुसता धुमाकूळ घालतो. इथे त्यानं यायचं, सगळ्यांना दिसायचं आणि गप्प बसायचं. हे साधणं म्हणजेच सगळी कला, आणि ती थोरल्यांच्या नाकात होती.

प्रत्येक घाणा मिसळला, की काही आठवडे डब्यात मुरायला ठेवत. मग सकाळी, पोटात काही जायच्या आत, दोघे भाऊ टेबलाशी बसत. थोरले डब्याचं झाकण उघडून नाक आत घालत आणि डोळे मिटून घेत. मग चिमूट बोटांत चोळून ओल पाहायची, पाईप सैलसर भरायचा, पहिला जाळ देऊन राख दाबायची, दुसरा जाळ द्यायचा. अर्ध्यापर्यंत कुणी बोलायचं नाही. अर्ध्यावर थोरले बोलत. ते "भरा" म्हणाले की डबे भरायचे, "थांबा" म्हणाले की थांबायचं. धाकट्यांचं मत विचारलं जायचं, पण आपलं विचारायचं म्हणून.

त्या हिवाळ्यात थोरल्यांना जोराचा ताप येऊन गेला. उठले तेव्हा जरा वाळले होते, एवढंच. पण त्यानंतरच्या पहिल्याच घाण्याला धाकट्यांच्या मनात पाल चुकचुकली.

मिश्रण गोड होतं, मऊ होतं, जिभेला चावत नव्हतं. पण धूर कुठे होता? लॅटाकिया जणू दारातूनच डोकावून परत गेला होता.

"भरा," थोरले म्हणाले.

"दादा, धूर कमी नाही वाटत?"

"नाही वाटत."

"अरे, नीट ओढून बघ ना. अर्ध्यानंतरसुद्धा..."

"गरम चहा पिऊन आला असशील. जीभ भाजली असेल तुझी."

धाकट्यांनी चहाचा थेंबही घेतला नव्हता. चहा तर त्या वेळी वहिनी घेऊन आल्या होत्या आणि थोरल्यांच्या उजव्या हाताशी कप ठेवून, रिकामा ट्रे धरून अजून तिथेच उभ्या होत्या. हे आणखी एक नवीन. लग्न होऊन आल्यापासून वहिनींनी या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. तंबाखूच्या वासानं त्यांचं डोकं दुखायचं. थोरले वर जाताना सदरा बदलून जायचे, तो त्यांच्याच धाकानं. आणि आता त्या चहा देऊन जात नव्हत्या, तर टेबलावरच्या उघड्या डब्याशी घुटमळत होत्या आणि थोरल्यांकडे बघत होत्या. थोरलेही "भरा" म्हणण्याआधी त्यांच्याकडे बघत होते. धाकट्यांनी ते बरोबर टिपलं.

त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळू लागला. आणि एकदा माणूस बघायला बसला, की दिसायला काय, सगळंच दिसतं. मिसळायच्या खोलीचं दार दुपारी आतून लावलेलं दिसलं. आत थोरले आणि वहिनी. धाकट्यांनी टकटक केली की आतलं बोलणं तुटायचं आणि दार उघडेपर्यंत नको इतका वेळ जायचा. दर गुरुवारी थोरल्यांचा जावई गाडी घेऊन यायचा. हा जावई तंबाखूच्या एका मोठ्या कंपनीत विक्रीचा अधिकारी होता. गोड बोलायचा, वाकून नमस्कार करायचा आणि हसताना खालचेच दात दाखवायचा. तो सासऱ्यांना गाडीत बसवून न्यायचा आणि संध्याकाळ व्हायच्या आत आणून सोडायचा.

"कुठे गेला होतास, दादा?"

"जरा फिरून आलो."

"जावयाबरोबर?"

"मग काय, पायी फिरू या वयात?"

बायकोशी बोलल्याशिवाय धाकट्यांना कुठलीच गोष्ट पचत नसे. त्यांनी तिच्यापाशी सगळं ओकून टाकलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, तुम्ही तंबाखूचे वास घ्या. माणसांचे कशाला घेता?"

"तू बघत नाहीस म्हणून. कुठेतरी पाणी मुरतंय."

"मुरू दे. जाऊबाई काल मला म्हणाल्या, यांना हल्ली जेवण जात नाही. मीठ जास्त झालं, कमी झालं, काही बोलत नाहीत. आजारी माणूस आहे, जरा समजून घ्या."

"जेवण जाणार कसं? मनात काहीतरी खातंय ना त्याला!" धाकटे म्हणाले. पुरावा म्हणून तेही त्यांच्या कामी आलं.

मग त्यांनी लॅटाकियाच्या डब्यावर नजर ठेवायला घेतली. हे पान मिळायला फार कठीण, म्हणून त्याचा डबा वेगळ्या फळीवर असे. धाकट्यांचा हिशेब सरळ होता. मिश्रणात धूर कमी आहे, म्हणजे पान कुणीतरी लांबवतंय आणि ते जावयाच्या गाडीतून जातंय. त्यांनी झाकणावर शिवणाचा एक बारीक दोरा आडवा ठेवला. दुसऱ्या दिवशी दोरा जमिनीवर! त्यांनी घाईनं झाकण उघडलं.

डबा भरलेला होता. असायला हवा त्याहून जास्तच भरलेला.

धाकटे तिथेच स्टुलावर बसले. चोर पान नेत नाही, म्हणजे मिश्रणात घालतच नाही. म्हणजे मुद्दाम घालत नाही. म्हणजे मिश्रण जाणूनबुजून बिघडवलं जातंय. कशासाठी? एक एक कडी आपोआप दुसरीत अडकत गेली. मिश्रणाचं नाव खराब होईल, जुनी गिऱ्हाइकं तुटतील, दोघा भावांचा धंदा बसेल आणि मग जावयाची कंपनी येऊन वडिलांचं नाव अलगद उचलून नेईल. थोरल्यांची सोय झालेली असेल. धाकटे मात्र रस्त्यावर.

त्याच आठवड्यात जिन्यात त्यांच्या कानावर बोलणं पडलं. ऐकायला म्हणून ते थांबले नव्हते, निदान सुरुवातीला तरी नाही. वरच्या दाराआड वहिनींचा आवाज होता.

"भाऊजींना कळता कामा नये, एवढंच सांभाळा."

"आज ना उद्या कळणारच त्याला. तो काही आंधळा नाही."

"कळेल तेव्हा बघू. तोवर घाणा तुम्ही माझ्यावर सोडा."

धाकटे पावलं न वाजवता खाली उतरले. दुकानात येऊन त्यांनी उगाच काउंटर पुसला, मग परत पुसला. भावानं, सख्ख्या भावानं! वडील गेले तेव्हा दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले होते, ते त्यांना आठवलं आणि त्याचाही राग आला.

तोंडावर विचारलं तर थोरले उडवून लावतील, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा त्यांनी खडा टाकून बघायचं ठरवलं. पुढच्या घाण्यातलं थोडं मिश्रण त्यांनी एकट्यानं केलं, बाकी सगळं रीतसर घालून, पण लॅटाकिया अजिबात न घालता. त्याच्या जागी कॅव्हेंडिश वाढवलं. काळं ते काळंच. डोळ्यांना फरक कळायची सोय नव्हती. पण नाकाला? नवशिक्या माणसानंसुद्धा झाकण उघडल्याबरोबर विचारलं असतं, की धुराचं पान विसरलात का? मग थोरल्यांसारख्या माणसानं हे मिश्रण पास केलं, तर त्याचा अर्थ एकच निघत होता.

दिवसही त्यांनी हेरून निवडला. वहिनी सकाळीच मुलीकडे गेल्या होत्या. धाकटे सरळ वर जाऊन म्हणाले, "दादा, चल. घाणा तयार आहे, आजच बघून टाकू."

थोरल्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आज? उद्या बघू की."

"उद्या कशाला? डबे भरायचे आहेत."

"तुझी वहिनी नाही घरात."

"वहिनींचं काय काम आहे त्यात?"

"काम कसलं? चहा..."

"चहा मी करून आणतो."

थोरल्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ते उठले आणि जिना उतरताना कठड्याला नेहमीपेक्षा जास्त धरून उतरले. धाकट्यांनी तेही टिपलं. घाबरलाय, त्यांच्या मनानं नोंद केली.

खोलीत धाकट्यांनी आधीच कॅव्हेंडिशचं पान वाफेला लावलं होतं. पातेलं कोपऱ्यातल्या शेगडीवर होतं आणि थोरल्यांची खुर्ची त्याच्याकडे पाठ करून. धाकट्यांनी डबा पुढे सरकवला. थोरल्यांनी झाकण उघडलं, नाक आत घातलं, डोळे मिटले. सगळं अगदी पूर्वीसारखं. चिमूट घेऊन बोटांत चोळली.

"ओल बरोबर आहे," ते म्हणाले.

"आणि वास?"

"जळल्यावर सांगतो."

पूर्वी ते जाळायच्या आधीच सगळं सांगून टाकत. थोरल्यांनी पाईप भरला, जाळ दिला, राख दाबली, पुन्हा जाळ दिला. धूर वर जाऊ लागला, निळसर आणि पातळ. खोलीत गोड वास पसरला, सुकलेल्या गवतासारखा. काजळीचा, जळक्या लाकडाचा मागमूस नव्हता. थोरले अगदी गंभीरपणे ओढत होते. अर्ध्यावर त्यांनी पाईप खाली घेतला आणि भावाच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. काहीतरी शोधत असल्यासारखं.

"छान आहे," ते म्हणाले. "लॅटाकिया या वेळी जरा पुढे आलाय. तू मागे म्हणाला होतास ना, धूर कमी आहे म्हणून? आता नाही म्हणायचास."

धाकट्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकं धडधडीत? समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून? त्यांच्या तोंडात पहिली शिवी आलीच होती, तेवढ्यात नाकात वेगळाच वास शिरला. आधी त्यांना कळेना. मग त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली.

पातेल्यातलं पाणी आटलं होतं. सापळ्याच्या नादात धाकटे ते साफ विसरले होते. पान तळाला लागून करपत होतं आणि झाकणाच्या कडेनं पिवळट धूर बाहेर येत होता. केस जळल्यावर येतो तसला घाण वास होता. पुढच्या दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानंही नाकाला रुमाल लावला असता.

आणि पातेल्यापासून हातभर अंतरावर थोरले पाईप ओढत शांतपणे बसून होते.

"डबे भरायला घे," ते म्हणाले. "काय रे? असा काय बघतोस?"

धाकटे बघतच राहिले. मग धावले, फडकं न घेताच त्यांनी पातेलं उचललं आणि बोटं भाजून घेतली. पातेलं मोरीत आदळलं, पाण्याचा नळ सोडला, तेव्हा कुठे तो फसफसाट ऐकून थोरले वळले. कोपरा धुरानं भरलेला त्यांना दिसला. त्यांचा चेहरा खाडकन उतरला.

नळाखाली बोटं धरून धाकट्यांनी विचारलं, "दादा, तुला वास येत नाही?"

थोरल्यांनी पाईप टेबलावर ठेवला. तो कलंडला, राख सांडली. ती त्यांनी तळहातानं गोळा केली, नीट ढीग केला, पुन्हा पसरला.

"तापापासून," ते शेवटी म्हणाले. "काहीच येत नाही. ना तंबाखूचा, ना जेवणाचा. जीभ मेलीय म्हटलंस तरी चालेल. खारट-गोड कळतं फक्त."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? मला नाक नाही, मी आता खुर्चीतून उठतो? येईल परत, असं डॉक्टर म्हणाला होता. दर गुरुवारी जातो त्याच्याकडे. जावई नेतो. स्वतःच्या गाडीतून, स्वतःचं काम बुडवून नेतो बिचारा."

धाकट्यांना पाण्याखालची बोटंही जाणवेनाशी झाली. गुरुवार, बंद दार, जिन्यातलं बोलणं, न जाणारं जेवण. इतके दिवस मोठ्या हुशारीनं जोडलेल्या सगळ्या कड्या एकेक करून गळून पडल्या आणि त्यांच्या जागी हा समोर बसलेला म्हातारा माणूस उरला. त्यांनी नळ बंद केला. पण थोरल्यांचं डोकं अजून शाबूत होतं. त्यांनी डबा पुढे ओढून त्यात बघितलं.

"यात काय भरलं होतंस तू?"

"दादा..."

"वहिनी नाही असा दिवस बघितलास. मला ओढत आणलंस. यात काय आहे?"

"लॅटाकिया नाही घातलेला," धाकटे म्हणाले.

खोलीत अजून जळका वास कोंदलेला होता. त्या दोघांपैकी एकालाच तो येत होता.

"म्हणजे सापळा," थोरले म्हणाले. "उंदरासाठी लावतात तसा. तुला काय वाटलं होतं? मी काय करत होतो?"

धाकट्यांनी सांगितलं. कंपनीचं, जावयाचं, नाव विकण्याचं, दोऱ्याचंसुद्धा. सांगताना त्यांना स्वतःलाच ते इतकं खुळ्यासारखं वाटलं, की शेवटचं वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. थोरल्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चढलेला राग उतरेना.

"जावई बोलला होता एकदा," ते म्हणाले. "कंपनीला नाव हवंय म्हणाला. खोटं कशाला सांगू? मी त्याला म्हटलं, माझ्या भावाला विचारल्याशिवाय मी या घरातला खिळासुद्धा हलवणार नाही. आणि तू? तू मला चोर ठरवून मोकळा झालास." एवढं बोलून ते जिना चढून वर गेले.

वहिनी दुपारी आल्या. खालच्या खोलीच्या दारातच त्यांनी नाक आवळलं आणि काय झालं असेल ते ताडलं. धाकटे हाताला मलम लावून टेबलाशी बसले होते.

"कळलं ना एकदाचं?" त्या म्हणाल्या आणि चक्क खुर्ची ओढून बसल्या. "बरं झालं. माझा जीव टांगणीला लागला होता. मी यांना म्हणत होते, भाऊजींना सांगू नका, ते लगेच सगळं आपल्या अंगावर घेतील आणि यांना वाटेल आपण संपलो. पण यांचंही बरोबर होतं. तुम्हाला फार दिवस फसवणं आम्हाला जमलं नसतं."

"म्हणजे घाणे तुम्ही पास करत होता, वहिनी?"

"मग कोण? मी चहा आणायची. डबा बरा वाटला तर कप यांच्या उजव्या हाताला ठेवायचा, नाही तर डाव्या. यांच्या सदऱ्यांनी माझं नाक तयार केलंय, भाऊजी. इतकी वर्षं सदरे धुतलेत. कुठल्या दिवशी कुठलं पान फोडलं, ते मला धुताना कळायचं."

धाकट्यांना हसू आलं. दिवसभरातलं ते पहिलंच.

"पण मग धूर का कमी केलात? तो तर कमी होताच. माझी जीभ काही भाजलेली नव्हती."

वहिनी जराशा ओशाळल्या. "मिसळताना मी यांच्याबरोबर असायची ना. ते काळं पान घालायची वेळ आली, की माझा हात आखडायचा. मला तो वास कधी आवडलाच नाही. म्हटलं, इतका कशाला हवा? आणि खरं सांगू का, मला ते नवीन मिश्रण जास्त बरं वाटलं."

"वहिनी, स्कॉटिश मिश्रण आहे ते! अत्तर नाही!"

"गिऱ्हाइकांनी तक्रार केली का?"

केली नव्हती. एका जुन्या गिऱ्हाइकानं तर उलट विचारलं होतं, की हल्ली इतकं मऊ कसं लागतं, काय बदललं? धाकट्यांनी ते टोमणा समजून मनात ठेवलं होतं. आता त्यांना ठरवता येईना, की तो टोमणा होता की कौतुक.

यावर दोघांची चांगली जुंपली. वहिनींचं म्हणणं एक, धाकट्यांचं दुसरं. आवाज वरपर्यंत गेला असावा, कारण थोडा वेळ गेल्यावर थोरले खाली आले. त्यांनी जुन्या पद्धतीचा एक डबा आणि वहिनींच्या हाताचा एक डबा शेजारी शेजारी ठेवला. दोन्हींतली चिमूट चोळली, दोन पाईप भरले आणि एकामागून एक ओढले.

"वास मला विचारू नका," ते म्हणाले. "पण हे दुसरं लवकर विझतंय. कॅव्हेंडिश ओलं राहिलंय. आणि जुनं जिभेला जरा चावतंय. हे माझं मला कळतं अजून."

त्या दिवसानंतर घाण्याची पारख तिघांची झाली. वास वहिनींचा, चव धाकट्यांची, ओल आणि जळणं थोरल्यांचं. लॅटाकियाचं प्रमाण वहिनी आणि धाकटे यांच्या भांडणातून कुठेतरी मधे ठरू लागलं. ते वडिलांच्या वेळेसारखं राहिलं नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी काही महिन्यांनी जावयाला सांगितलं, की आता आशा धरू नका. जावयानं ते सासऱ्यांना स्वतः न सांगता धाकट्यांना येऊन सांगितलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही सांगा, तुमचं ते ऐकतील." धाकट्यांनी सांगितलं. थोरले म्हणाले, "मला कळलं होतं."

भाऊ पुन्हा बोलायला लागले, हसायला लागले, सणकून भांडायलाही लागले. फक्त एक गोष्ट बदलली ती बदललीच. पारखीच्या सकाळी धाकटे पाईप भरून पुढे करतात, तेव्हा थोरले तो घेत नाहीत. हात वर करून म्हणतात, "आधी तू ओढ." वहिनी हसतात. धाकटेही हसतात, जाळ देतात, दोन झुरके घेतात आणि मग पाईप पुसून भावाच्या हातात देतात. दादा हे थट्टेनं म्हणतो की मनापासून, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.